गणितांतील ‘आयडियल’

शास्त्रांतील बरेचसे शब्द व्यवहारांतूनच उचललेले असतात. परंतु नांव तेंच राहिलें तरी घर बदलतांच त्यांचा अर्थ बदलतो. डोक्यावर ओझें घेऊन तासभर निश्चल उभा राहिलेला हमाल घामाघूम झाला, तरी पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें त्यानें त्या ओझ्यावर कांहींच ‘कार्य’ केलें नाहीं, असें सांगितलें कीं वर्गांत हंशा पिकतो. मुलें हंसतात, तें ठीकच आहे. पण कांहींच्या मनांत अढी बसते कीं, शास्त्र म्हणजे शब्दांची उलटापालट करून आपणांस चकविण्याची विद्या. ही अढी पुढें फार नडते.

पदवीच्या वर्गांत गणित घेऊन शिकणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गेल्या पावसाळ्यांत आम्हांस पत्र आलें. उच्च बीजगणितांतील ‘आयडियल’ या शब्दाची व्याख्या त्यास तोंडपाठ होती. परंतु ‘यांत आदर्श तें काय?’ हें कांहीं केल्या उमगत नव्हतें. आपली बुद्धि या विषयास पुरत नाहीं, तेव्हां तो सोडावा, असें त्यानें लिहिलें होतें. पत्राच्या शेवटीं त्याच्या वडिलांनींही दोन ओळी लिहून आमचा सल्ला विचारला होता. आम्हीं जें उत्तर पाठविलें, त्यांतील मुख्य भाग आमच्या वाचकांसही उपयोगी पडेल असें वाटून येथें देत आहों.

ज्या संख्यासमूहांत बेरीज, वजाबाकी व गुणाकार हीं तिन्ही कृत्यें समूहाबाहेर न जातां करतां येतात, त्यास बीजगणितांत ‘रिंग’ म्हणतात. सर्व पूर्णांक मिळून अशी एक रिंग होते. आतां त्यांतून केवळ सम संख्या निराळ्या काढा. दोन सम संख्यांची बेरीज अथवा वजाबाकी समच येते. शिवाय सम संख्येस कोणत्याही पूर्णांकानें, मग तो विषम कां असेना, गुणिलें तरी उत्तर समच येतें. हे दोन गुण ज्या उपसमूहांत असतात, तो त्या रिंगेचा ‘आयडियल’ होय. व्यवहारांत ‘आयडियल’ हें विशेषण आहे. येथें तें नाम आहे, आणि तें उच्चारतांच ‘कोणत्या रिंगेचा?’ असा प्रश्न विचारावा लागतो. सम संख्या पूर्णांकांत आयडियल होतात. परंतु रिंगेंत अपूर्णांक घेतले, तर २ ला १/२ नें गुणतांच १ येतो व समूह मोडतो.

मग हें नांव पडलें कसें? पूर्णांकाचे मूळ अवयव एकाच रीतीनें पडतात, हें आपण जाणतों. परंतु पूर्णांकांच्या जोडीला वजा ५ चें वर्गमूळ घेतलें, तर एक चमत्कार दिसतो. ६ म्हणजे २ × ३; आणि ६ म्हणजेच (१ + √−५) × (१ − √−५). या चारही अवयवांचे त्या रिंगेंत आणखी अवयव पडत नाहींत. मग खरे मूळ अवयव कोणते?

१८४७ सालच्या मार्च महिन्यांत लामे या गणितज्ञानें पॅरिसच्या अकादमीपुढें फर्माच्या सुप्रसिद्ध प्रमेयाची सिद्धता मांडली, तेव्हां हीच अडचण आडवी आली. लिऊव्हिल यांनीं तेथेंच शंका काढली. आणि ब्रेस्लाउ येथील प्राध्यापक कुम्मर यांनीं पत्रानें कळविलें कीं, तशा संख्यांत अवयव एकाच रीतीनें पडत नाहींत, हें आपण पूर्वींच दाखविलें आहे. हे कुम्मर आधीं दहा वर्षें शाळाशिक्षक होते, हें लिहितांना आम्हांस किंचित् अभिमान वाटतो! त्यांनीं धरून चाललें कीं, खरे मूळ अवयव आहेत, परंतु ते त्या रिंगेंत दिसत नाहींत. अशा मानलेल्या संख्यांना त्यांनीं ‘आयडियल’ म्हटलें. म्हणजे आदर्श नव्हे, तर प्रत्यक्ष नसून कल्पनेनें धरलेल्या. त्यांनीं दृष्टांत दिला फ्लुओरिनचा. त्या काळीं तें मूलद्रव्य संयुगांत आहे हें ठाऊक होतें, पण निराळें कोणीं काढलें नव्हतें. तें पुढें १८८६ सालीं मॉइसां यांनीं काढलें.

१८७१ सालीं डेडेकिंड यांनीं विचार केला: ती संख्या दिसत नसेल, पण तिनें भाग जाणाऱ्या संख्या तर दिसतात, मग त्या सर्वांचा समूहच तिच्या ठिकाणीं कां घेऊं नये? वरील उदाहरणांत a + b√−५ या रूपाच्या ज्या संख्यांत a व b दोन्ही सम किंवा दोन्ही विषम आहेत, त्यांचा समूह हा असा एक आयडियल आहे. त्यांत २ आहे, १ + √−५ ही आहे. परंतु त्या रिंगेंतील कोणत्याही एका संख्येच्या पटींनीं तो भरत नाहीं. अशा समूहांत मोजूं लागतांच ६ चे मूळ अवयव पुनः एकाच रीतीनें पडतात. १९२१ सालीं एमी नोएथर या विदुषीनें ही कल्पना संख्यांपलीकडे व्यापक प्रकारच्या रिंगांस लागू केली. वस्तु प्रत्यक्ष झाली, नांव मात्र जुनेंच राहिलें.

या उत्तरावर आमच्या विद्यार्थ्यानें उलट टपालीं आणखी चार प्रश्न विचारले. विषय सोडण्याचा उल्लेख त्यांत नव्हता.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मूल एखाद्या शब्दाशीं अडलें तर त्याची बुद्धि उणी ठरवूं नये. ‘हें नांव कां?’ असें विचारणारें मूल योग्य वाटेवर आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, शास्त्रांतील शब्द भेटला कीं प्रथम व्याख्या पाहा, मग त्यांत बसणारें एक व न बसणारें एक उदाहरण शोधा, आणि त्यानंतर नांवाची हकीकत विचारा. सुटींत करून पाहण्यासारखें एक काम देतों: ३ च्या पटींचा समूह घ्या व विषम संख्यांचा घ्या, दोहोंस वरील दोन कसोट्या लावा, आणि यांपैकीं आयडियल कोणता व दुसरा कोठें मोडतो, तें वहींत लिहून आणा.