खाडीकाठचे हॉलंड : अल्प खर्चातील नवी मुंबई दर्शन

उन्हाळी सुट्टी जवळ आली की व्यापारी कुटुंबांत परदेश सहलींच्या जाहिराती चाळल्या जाऊ लागतात. त्यांत हॉलंडचे स्थान ठरलेले असते. कुकेनहॉफची ट्यूलिपची बाग, किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या, ॲम्स्टरडॅमचे कालवे ही नावे आता घरातील मुलांनाही पाठ असतात. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त बेल्जियममधील अँटवर्प येथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना तर हा देश अगदी शेजारचा. तेथे आप्त असतील, तर जाण्याची ओढ अधिकच वाटते.

मात्र त्या देशाची खरी थोरवी फुलांपेक्षा पाण्याच्या व्यवस्थेत आहे. नेदरलँड्सचा सुमारे एक चतुर्थांश भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. स्किपोल विमानतळ ज्या जागी उभा आहे, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरोवर होते. ते उपसून १८५२ साली जमीन मोकळी करण्यात आली. बांध, कालवे आणि दरवाजे यांची देखरेख करणारी जलमंडळे तेथे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. १९५३ च्या महापुरात बांध फुटून १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्या आघातानंतर त्या राष्ट्राने समुद्राविरुद्धची आपली तटबंदी नव्याने उभारली. पाण्याशी केलेला करार दर पिढीने पुन्हा पाळावा लागतो, हा त्या देशाचा धडा आहे.

हाच धडा मुंबईच्या उपनगरी गाडीच्या तिकिटात पाहता येतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नवे शहर आकारास येऊ लागले. वाशी, नेरूळ, बेलापूर या वसाहतींचा बराच भाग खाजण जमिनीत भराव घालून उभा राहिला. मोठ्या भरतीची पातळी वसाहतींतील सखल भागांपेक्षा उंच जाते. म्हणून सिडकोने डच पद्धतीचा आधार घेऊन खाडीच्या कडेला धारण तलाव बांधले. पावसाचे पाणी नाल्यांतून या तलावांत येते. भरती असेल तेव्हा समुद्राच्या दाबानेच तलावाचे झडपदार दरवाजे मिटतात आणि पाणी तलावात साठून राहते. ओहोटी लागली की तेच दरवाजे आपोआप उघडतात व साठलेले पाणी खाडीत निघून जाते. वाशीचे मिनी सीशोर किंवा नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई येथे सकाळ-सायंकाळ फिरावयास जाणारे शेकडो लोक अशाच तलावांच्या काठाने चालत असतात.

हे दर्शन दोन दिवसांत, अत्यंत माफक खर्चात घडते. उपनगरी गाडीचे दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे. वारंवार चढउतार करणाऱ्यांसाठी रेल्वेचे एक, तीन व पाच दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने नवकारशीनंतर निघावे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता येईल असा बेत आखावा. खाखरे, थेपले, कोरडा नाश्ता आणि उकळून थंड केलेले पाणी बरोबर असले, म्हणजे कंदमुळाची शंका राहत नाही व उपाहारगृहाचा खर्चही वाचतो.

पहिल्या दिवसाचा आरंभ ठाण्यात टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरातील दर्शनाने करणे उचित. कोकण शत्रुंजय म्हणून प्रसिद्ध असलेले हे तीर्थ स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. श्रीपाल राजाची कथा या भूमीशी जोडलेली आहे. धवल शेठाने कपटाने समुद्रात लोटलेला श्रीपाल नवपदाचे स्मरण करीत मगरीच्या पाठीवरून ठाण्याच्या किनाऱ्यास लागला, असे परंपरा सांगते. ओळीच्या दिवसांत घरोघर वाचली जाणारी ही कथा ऐकून मुलांनी खाडी पाहिली, तर ते केवळ पाणी राहत नाही.

ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाची गाडी ऐरोलीस नेते. तेथून रिक्षाने खाडीकाठच्या सागरी जैवविविधता केंद्रात जाता येते. कांदळवनाची झाडे श्वास कसा घेतात, चिखलात कोणते जीव राहतात, हे येथे समजावून सांगितले जाते. हंगामात भरतीची वेळ साधून खाडीत नौकाफेरीही होते. तिचे तिकीट वेगळे असल्यामुळे वेळ व दर आधी विचारून घ्यावेत. खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात फ्लेमिंगो येथे वास्तव्यास असतात. चिखलातील सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचे अन्न. त्यांचे प्रजननस्थान कच्छच्या रणात आहे. मशीद बंदरच्या दाणाबाजारात पेढ्या थाटणारे कच्छी ओसवालही त्याच भूमीतून आले होते, हे लक्षात घेतले की या पाहुण्यांविषयी निराळाच आपलेपणा वाटू लागतो.

त्या पेढ्यांचे पुढील स्थलांतर वाशीत पाहावयास मिळते. मुंबईच्या घाऊक बाजारांपैकी कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली प्रथम वाशीत आला. ज्या मालास अनेक जैन स्वयंपाकघरांत प्रवेश नाही, त्याच मालाने नव्या शहराचा उंबरठा प्रथम ओलांडावा, यात थोडी गंमत आहे. पुढे धान्य, मसाला, साखर, सुकामेवा यांचे व्यापारी आले. भाजीपाला व फळांचे बाजारही आले. आरंभी धंद्यासाठी रोज खाडी ओलांडण्याचा त्रास होता. ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि अनेक कुटुंबांनी पेढीपाठोपाठ घरही हलविले. बाजार पाहावयाचा असेल, तर रविवार टाळून कामाच्या दिवशी पहाटे जावे. मालमोटारी, हातगाड्या व माथाडी कामगार यांची वाट न अडविता कडेने चालावे.

दुसरा दिवस बेलापूरपासून सुरू करावा. तेथील आर्टिस्ट्स व्हिलेज ही चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत आहे. लहान-लहान अंगणांभोवती घरांचे समूह, प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही आणि कुटुंब वाढेल तसे घर वाढविण्याची मोकळीक, अशी तिची कल्पना होती. बऱ्याच मूळ घरांच्या जागी आता मजले चढले आहेत, तरी अंगणांची रचना ओळखू येते. ही लोकांची राहती घरे आहेत. छायाचित्रे घेण्यापूर्वी अनुमती घ्यावी.

बेलापूरहून मेट्रो पेंधरकडे जाते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या मार्गावर ११ स्थानके असून भाडे १० रुपयांपासून आहे. उंचावरून एका बाजूस खारघरचे डोंगर आणि खाली इमारतींची रांग दिसते. सेंट्रल पार्क स्थानकाजवळच्या विस्तीर्ण उद्यानात शिदोरी सोडावी. पावसाळ्यात डोंगरातील धबधब्यांचा मोह होतो. परंतु पांडवकड्याने अनेकांचे प्राण घेतले आहेत, म्हणून बंदी असेल तेव्हा तिचे पालन करावे. मुलांना जग दाखविण्याची हौस असेल, तर नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये ताजमहालापासून रोमच्या कलोसियमपर्यंत सात आश्चर्यांच्या प्रतिकृती अल्प शुल्कात पाहता येतात.

वेळ उरल्यास उरणची गाडी धरावी. जानेवारी २०२४ मध्ये हा मार्ग उरणपर्यंत पूर्ण झाला. खाजणे, मिठागरे, नव्या इमारती आणि कंटेनरांचे ढीग यांतून ती जाते. ही भूमी मोकळी पडलेली नव्हती. नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घेण्यात आली. तेथील आगरी-कोळी समाज शेती, मीठ व मासेमारीवर जगत होता. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन ५ जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना याच लढ्यातून पुढे आली. ज्या शहराने व्यापाऱ्यास पेढी व घर दिले, त्याची किंमत कोणी मोजली, हे मुलांना सांगणे हाही पर्यटनाचा भाग आहे. उरणजवळच्या मोरा धक्क्यावरून भाऊच्या धक्क्यासाठी लाँच सुटते. ओहोटीत गाळामुळे फेऱ्या खोळंबतात, म्हणून वेळ विचारूनच तिच्यावर विसंबावे.

या सहलीतील सर्वांत महत्त्वाचे स्थळ मात्र कोणत्याही सहल-पत्रकात सापडत नाही. सीवूड्स-नेरूळ भागात सुमारे ३० एकरांचा एक तलाव आहे. खाडीवर भरती चढली की फ्लेमिंगो तेथे विसाव्यास येतात. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याने तो कोरडा पडू लागला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे अनेक फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. निसर्गप्रेमी नागरिकांनी सातत्याने आवाज उठविल्यानंतर २०२५ मध्ये त्यास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्यस्तरावर मान्यता मिळाली. धारण तलावांपुढेही पेच आहे. गाळ साचून त्यांची क्षमता घटली आहे आणि त्या गाळात कांदळवने उगवली आहेत. कांदळवनांना न्यायालयाचे संरक्षण आहे. गाळ काढला नाही तर सखल भागात पाणी शिरण्याची भीती आहे. एका बाजूस माणसांची घरे, दुसऱ्या बाजूस असंख्य जीवांचा आश्रय, असा हा प्रश्न आहे. डच लोकांनी तलाव बांधण्याची रीत दिली; तो जपण्याची रीत येथील नागरिकांनाच घडवावी लागेल.

जीवदया ही जैन कुटुंबांची जुनी परंपरा. पांजरापोळ उभारणारे आणि कबुतरांना दाणे घालणारे हात खाडीवर आले की सहज शेव-गाठिये पाण्यात टाकतात. सीगल पक्षी झेपावतात, मुले टाळ्या पिटतात. परंतु तळलेले, खारट खाद्य पक्ष्यांना अपायकारक आहे, आणि त्याची रिकामी पाकिटे चिखलात रुततात ती निराळीच. शास्त्रांत अनर्थदंड विरमण व्रत सांगितले आहे, ते नेमके अशा निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहण्यासाठी. खाडीच्या पक्ष्यांना दाण्यांची आवश्यकता नाही. त्यांना पाण्याची मोकळी वाट हवी. पर्युषणात जीवदयेसाठी निधी काढणाऱ्या संघांनी या तलावांची माहिती घेतली, तरुणांनी पक्षीगणनेत व स्वच्छतेत भाग घेतला आणि व्यापारी संघटनांनी आपल्या दाराशी असलेल्या धारण तलावांविषयी महापालिकेकडे विचारणा केली, तर त्या परंपरेस नवे क्षेत्र लाभेल.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना जाण्याची मर्यादा स्वतःच ठरवून घ्यावी, असे ते सांगते. या व्रतामागील दृष्टी अशी की, जेवढे क्षेत्र मोकळे ठेवावे तेवढा आरंभ-समारंभ व तेवढी हिंसा वाढते. हॉलंड पाहू नये, असा याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी तेही अवश्य पाहावे. मात्र जाण्यापूर्वी एका ओहोटीच्या वेळी वाशीच्या तलावाकाठी थांबून, दरवाजा उघडून पाणी खाडीकडे कसे निघते, हे मुलांना दाखवावे. मग किंडरडाइकच्या पवनचक्क्या कशासाठी फिरत होत्या, हे त्यांना तेथे कोणी वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.