परतीची वाट

शाळेच्या वार्षिक अंकाकरिता काही लिहून द्यावे, अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम वाटले की, प्रतिवर्षीप्रमाणे एखाद्या सद्गुणावर चार शब्द लिहून मोकळे व्हावे. परंतु गेल्या वर्षी माझी स्वतःचीच एक चूक माझ्या ध्यानात आली. ती शिक्षकाची चूक असल्यामुळे विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ती मांडणे हेच अधिक उचित होय, असे मनाने घेतले. विषय विजेचा आहे. तो रुक्ष म्हणून कोणी पान उलटू नये, एवढीच प्रार्थना; कारण ज्या शक्तीने आपल्या घरात उजेड पडतो, तिच्याच एका झटक्याने ते घर अंधारातही पडू शकते.

गेल्या फेब्रुवारी महिन्यात सापगावचे एक शेतकरी मला शाळेत भेटावयास आले. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेतून चांगल्या गुणांनी शालान्त परीक्षा उतरला होता आणि पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाला होता. घराण्यात इतके शिकणारा तो पहिलाच. वडील उंबरठ्याशीच उभे राहून म्हणाले, “गुरुजी, पोरगा कॉलेज सोडतो म्हणतो. विजेच्या विषयात नापास झाला. दोन दिवस धड जेवला नाही. तुमचा शब्द तो मोडणार नाही. एकदा घरी येऊन जा.”

रविवारची उपासना आटोपून मी सापगावी गेलो. हे गाव शहापुराहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीच्या काठी लागते. भातसा धरणातून मुंबईकरिता सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते; त्यामुळे आसपासचे ओढे आटले तरी ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. काठावर भेंडीचे हिरवे मळे होते. मुलगा आंब्याखाली वही घेऊन बसला होता. मला पाहताच उठून उभा राहिला, परंतु नजर वर करीना.

मी त्याला दोन-तीन उदाहरणे घातली. ओहमचा नियम त्याला मुखोद्गत होता, किरखॉफचे दोन्ही नियम त्याने घडाघडा म्हणून दाखविले. मग अडचण ती कोणती? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “सर, सूत्रे पाठ आहेत, पण प्रवाह मला दिसत नाही. दिव्यापर्यंत वीज येते, दिवा ती खाऊन टाकतो. मग दिव्याच्या पुढच्या तारेत तितकाच प्रवाह कसा? जे खर्च झाले ते शिल्लक कसे राहते?”

हा प्रश्न ऐकून मी वरमलो. त्या मुलाच्या मनात ही समजूत रुजविणारा मीच होतो. वर्गात विजेला मी नेहमी पाण्याची उपमा देत असे: टाकी उंच असली म्हणजे पाण्यास दाब अधिक, तसा विजेचा दाब व्होल्टमध्ये, नळातून वाहते ते पाणी, तसा प्रवाह अँपिअरमध्ये, नळ अरुंद असला म्हणजे अडथळा अधिक, तसा रोध ओहममध्ये. उपमा सोपी आहे, आणि जेथवर जाते तेथवर खरीही आहे. परंतु समोरच त्याच्या वडिलांचा पंप नदीचे पाणी उचलून मळ्यात टाकीत होता, माती ते पिऊन टाकीत होती, आणि पंपाकडे काहीच परत येत नव्हते. शेतकऱ्याच्या मुलाने पाण्याची उपमा ऐकली म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहणार! उपमा कोठे संपते, हे मी कधी सांगितलेच नव्हते.

मी त्यास म्हटले, “तू रोज आसनगावाहून गाडीने जातोस. गाडीच्या वर तार एकच. दुसरी तार कोठे आहे?”

तो विचारात पडला. आपल्या या लोहमार्गाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरावरून कुर्ल्यास गेली. तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असे. पुढे कसाऱ्याचा घाट ओलांडून इगतपुरीपर्यंत वीज पोहोचली. आता त्या जागी २५,००० व्होल्टचा, दिशा पालटणारा प्रवाह आहे. मुंबईच्या उपनगरी भागातील मध्य रेल्वेवरचा हा पालट २०१६ साली पुरा झाला. परंतु दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. वरच्या तारेतून आलेला प्रवाह गाडीच्या यंत्रातून खाली उतरतो आणि चाकांवाटे रुळांत शिरून वीजकेंद्राकडे परत जातो.

“रूळ!” तो एकाएकी म्हणाला, “सर, दुसरी तार म्हणजे रूळ!”

गेल्या दोन दिवसांत त्याच्या तोंडावर तेज आले ते तेव्हाच, असे त्याच्या आईने मला मागाहून सांगितले. मग पुढचे त्याने आपणच मांडले. गाडी प्रवाह खात नाही. प्रवाहाने वाहून आणलेली शक्ती खाते. पाठीवर भाताचे पोते घेऊन आलेला मनुष्य पोते गिरणीत उतरवितो आणि रिकामा परत जातो. माणसे जितकी आली तितकीच परतली, कमी झाले ते भात. दिव्याचेही तसेच. ही येण्याजाण्याची वाट जेथे पुरी जुळते, तिलाच आपण मंडल म्हणतो. आजच्या पाठ्यपुस्तकांत परिपथ हा शब्द आहे. परतीची वाट तुटली की जाण्याची वाटही बंद पडते. किरखॉफचा पहिला नियम याहून निराळे काही सांगत नाही: तिठ्यावर जितके आले तितके तेथून गेलेच पाहिजे. हे नियम त्याने १८४५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, हे मी त्या मुलास मुद्दाम सांगितले.

इतक्यात वडील पंप बंद करण्यास निघाले. पाय अनवाणी, खाली ओली माती. त्यांनी स्टार्टरच्या लोखंडी पेटीस हात लावला आणि झटकन मागे घेतला. “हिला जरा मुंग्या येतात,” ते हसून म्हणाले, “आता सवय झाली आहे.”

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “सर,” तो हळूच म्हणाला, “परतीची वाट बाबांच्या अंगातून आहे.”

वाचकहो, त्या वाक्यात सारा विषय येऊन गेला. पुष्कळांची समजूत अशी की, जमीन विजेला गिळून टाकते. तसे नाही. गावाच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, न्यूट्रलची तार मुद्दाम जमिनीशी जोडलेली असते. म्हणून जमीन हीच एक न दिसणारी परतीची तार होते. पेटीत फेजच्या तारेचे वेष्टन झिजले आणि पेटीवर पुरे २३० व्होल्ट आले, असे धरा. कामाने घट्टे पडलेल्या कोरड्या हाताचा रोध लाखभर ओहम असू शकतो; तेव्हा ओहमच्या नियमाप्रमाणे अंगातून जाणारा प्रवाह २ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे केवळ मुंग्या. परंतु अंग घामाने किंवा पाण्याने भिजले की रोध एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. जीव वाचविण्याकरिता जी स्वयंचलित कळ बसवितात, ती ३० मिलिअँपिअरच्या गळतीवरच तोडण्याची योजना असते, यावरून हा आकडा केवढा भयंकर आहे ते ध्यानात यावे. कालची पेटी, कालचाच मनुष्य, कालचीच वीज. पालटतो तो फक्त रोध. “सवय झाली” या शब्दांवर विसंबणारा मनुष्य कोरड्या हाताच्या भरवशावर जगत असतो.

मुलाने धावत जाऊन, हात न लावता, खांबावरील मुख्य कळ लाकडी दांड्याने खाली ओढली. मग पेटी पाहिली. अर्थिंगची हिरवी तार पेटीपाशी आली होती, परंतु कशासही जोडलेली नव्हती. कोणी तरी ती गुंडाळून तशीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी जाणता वायरमन बोलावून वेष्टन बदलले, अर्थिंग जोडले, आणि गळती होताच तोडणारी कळही बसविली. वडील म्हणाले, “इतकी वर्षे ही तार लोंबत होती, मला वाटले, उरलेली असेल.”

परत निघताना मुलगा पुलापर्यंत माझ्यासोबत आला. दूर माहुलीचे सुळके दिसत होते. ते पाहून त्याने आणखी एक शंका काढली. “सर, मग आकाशातील विजेचे काय? स्थितिक विजेच्या धड्यात तर मंडलच नाही.”

प्रश्न मार्मिक होता. कोरड्या केसांवर फणी घासली म्हणजे ती कागदाचे कपटे उचलते; त्यात नवी वीज निर्माण होत नाही, एकत्र असलेले धन व ऋण भार केवळ निराळे होतात. ते जितके जवळ तितके त्यांचे आकर्षण अधिक. अंतर निम्मे केले की ओढ चौपट होते, हे कूलोमने १७८५ साली मोजून दाखविले. ढगात हिमकण व गारा एकमेकांवर आपटून हेच घडते, मात्र प्रचंड प्रमाणावर. शेवटी हवेचा रोध मोडतो आणि सुमारे ३०,००० अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात जमिनीवर येतो. मग तोही परत जातो काय? होय. निरभ्र दिवशीसुद्धा आपल्याभोवतीच्या हवेत एका मीटर उंचीस सुमारे १०० व्होल्टचा फरक असतो, आणि साऱ्या पृथ्वीवर मिळून हजारभर अँपिअरचा अतिमंद प्रवाह आकाश व भूमी यांच्यामध्ये अखंड वाहत असतो. जगात कोठे तरी चालू असलेली वादळे हे मंडल भरून काढीत असतात. सापगावच्या पुलावर आम्ही उभे होतो तेव्हाही ते आमच्यातून व आमच्याभोवती पुरे होत होते. विधात्याच्या कारभारातही परतीची वाट विसरलेली नाही, असे माझ्या मनात आले.

शहापूर-मुरबाडच्या पालकांस येथे दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. पावसाळ्याच्या तोंडी आणि भातकापणीच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की मोकळ्या खाचरात राहू नये, एकट्या झाडाखाली तर मुळीच उभे राहू नये. पक्क्या घरात जावे, एस. टी. ची बंद गाडी जवळ असेल तर तीही चांगली, कारण धातूच्या कवचातील मनुष्यास बाहेरची वीज बाधत नाही, हे फॅरडेने १८३६ साली स्वतः तशा पिंजऱ्यात बसून सिद्ध केले. काहीच आसरा नसेल तर पाय जुळवून खाली बसावे. वीज जमिनीत पसरत असता दोन पावलांमध्येही दाबाचा फरक पडतो, आणि पाय फाकून उभी असलेली गुरे त्यामुळेच अधिक दगावतात. घरात व मळ्यात अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे की नाही, हे जाणत्याकडून वर्षातून एकदा तरी पाहून घ्यावे. आणि पेटीला मुंग्या येत असतील तर ती सवय करून घेण्याची गोष्ट नव्हे. ती इशाऱ्याची घंटा आहे.

विद्यार्थ्यांस सांगावयाचे ते वेगळे. ओहम हा एका कुलूप करणाऱ्याचा मुलगा. कोलोन येथील शाळेत शिकवीत असता त्याने आपले प्रयोग केले. १८२७ साली त्याचा ग्रंथ निघाला तेव्हा स्वदेशी त्याची उपेक्षाच झाली. चौदा वर्षांनी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास आपले पदक दिले. फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करीत असता बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शिकला, आणि पुढे एवढी कीर्ती मिळूनही आपल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत वडील म्हणून सेवा करीत राहिला. यांपैकी कोणासही नियम आयते पाठ करावयास मिळाले नव्हते. “मला दिसत नाही” असे स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल करूनच ते पुढे गेले. आमच्या त्या विद्यार्थ्यानेही तेच कबूल केले. मात्र ते ऐकून घेणारा कोणी त्याला आधी भेटला नव्हता, आणि हा दोष माझ्याकडे येतो.

तो पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. गुण फार मोठे नाहीत, परंतु या वेळी ते समजून मिळविलेले आहेत. सुटीत तो सापगावच्या मळ्यांतून टेस्टर घेऊन हिंडला आणि शेजाऱ्यांच्या पंपांपैकी आणखी दोन पेट्या अशाच निघाल्या, त्याही वायरमनकडून नीट करून घेतल्या. हे ऐकले तेव्हा मला फार समाधान वाटले. गावातून बाहेर गेलेली विद्या अशी घरी परत आली, म्हणजे शिक्षकाचे मंडल पुरे झाले. आता मी वर्गात पाण्याची उपमा देतोच, परंतु ती कोठे संपते तेही सांगतो, आणि धडा संपताना प्रत्येक मुलास विचारतो: “बाळ, तुला काय दिसत नाही?”

ईश्वर आपणा सर्वांस न कळणारे विचारण्याचे धैर्य देवो, आणि ऐकून घेण्याची बुद्धी देवो.