बजाजनगर ते बालेवाडी : पहिल्या रायफलीच्या शोधात

बजाजनगरातून रायफल बघायला पुण्याला निघालोय म्हटल्यावर शेजारच्या आजोबांचा पहिला प्रश्न आला, "शिकारीला का?" आजोबा मूळचे कन्नडकडचे. गौताळ्याच्या डोंगरात सांबराच्या मागावर हिंडणारे बंदूकवाले त्यांनी लहानपणी पाहिलेले. त्या शिकारीला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वेसण घातली, 1991च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले, आणि गौताळा आता अभयारण्य आहे. माझी भाची ज्या रायफलीसाठी निघाली होती तिची गोळी भरते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि तिचं लक्ष्य म्हणजे दहा मीटरवरच्या कागदावरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका.

भाची नववीत आहे. शहरातल्या एका रेंजवर ती एअर रायफल शिकते. रायफल क्लबची, आणि ती तिघी मुली आळीपाळीने वापरतात. एकीची उंची जास्त, एकीचे हात लांब. प्रत्येकीने आपल्यापुरता दस्ता मागेपुढे करायचा, गालाखालची पट्टी वरखाली करायची आणि मग सरावाला उभं राहायचं. सरावाचा निम्मा वेळ या जुळवाजुळवीत जातो. आता स्वतःची रायफल हवी, असं तिच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा दाजींनी महिनाभर विचार केला आणि दसऱ्याच्या आधीचा रविवार ठरवला. खंडेनवमीला वाळूजच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. यंदा घरीही काहीतरी पुजायला असावं, अशी ताईची इच्छा.

दाजी वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत तपासणी विभागात आहेत. 1985 मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्यामागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या आणि कामगारांच्या वस्तीचं बजाजनगर झालं. या वस्तीतल्या कितीतरी माणसांचा दिवस मायक्रोमीटर आणि व्हर्नियरवर जातो. दहा मायक्रॉनचा फरक म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना कळतं. या प्रवासात ते ज्ञान किती कामाला येणार होतं, याची निघताना आम्हाला कल्पना नव्हती.

वाळूज, लिंबेजळगाव मागे पडलं, कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली. पावसाळा सरता सरता प्रवरासंगमचं पात्र काठोकाठ असतं, तसं ते होतं. घोडेगावला कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली. अहिल्यानगरच्या अलीकडे चहाला थांबलो. हे रणगाड्यांचं गाव. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलं, आणि के. के. रेंजवर तोफांचा सराव चालला की आसपासच्या गावांना हादरे जाणवतात. भाचीला रणगाड्यांत रस नव्हता. तिने फोन काढला आणि डेन्व्हरला लावला.

डेन्व्हरला माझा आतेभाऊ असतो. तोही एके काळी वाळूजलाच नोकरीला होता. आपल्याकडे सकाळचे दहा म्हणजे त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. योगायोग असा, की तोही त्याच दिवसांत पहिली रायफल निवडत होता, खऱ्याखुऱ्या शिकारीसाठी. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडो राज्यात आहेत. एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलचा धिप्पाड भाईबंद. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येतच शिकार करता येते. 1949 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकार-सुरक्षेचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान 500 चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी घालावी लागते, आणि मारलेल्या जनावराचं मांस रानात टाकून देणं गुन्हा ठरतो.

"मामा, कुठली घेतली?" भाचीने विचारलं.

".30-06," तो म्हणाला. "कायद्याने .24 पेक्षा लहान कॅलिबर चालत नाही, गोळी किमान 85 ग्रेनची लागते. दुकानदार .300 मॅग्नम दाखवत होता. मी दोन्ही झाडून पाहिल्या. मॅग्नमचा धक्का खांद्याला एवढा बसला की तिसऱ्या गोळीला मी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागलो. मग ती काय कामाची?"

दुर्बिणीचंही त्याने असंच सांगितलं. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, 40 मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण त्याने घेतली. झाडीतून जनावर अचानक समोर आलं तर तीन पटीवर ते लगेच सापडतं. चोवीस पटीच्या दुर्बिणीत नुसती पानंच दिसत राहतात. पैसे मात्र त्याने रायफलीपेक्षा भिंगावर सढळ हाताने खर्च केले, कारण एल्क बाहेर पडतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. दोनशे यार्डांवर नेम जुळवला की तीनशे यार्डांवर त्याची गोळी आठ-नऊ इंच खाली जाते. तो आकडा त्याने पाठ केलाय. त्याहून लांबचं जनावर तो सोडून देणार आहे. जखमी होऊन रानात पळालेला प्राणी तडफडत मरतो, ते त्याच्या हातून होऊ द्यायचं नाही. हे बोलताना त्याचा आवाज बदलला. मला तो त्या क्षणी फार आवडला. मला स्वतःला शिकार नकोशी वाटते, तरी हातातल्या हत्याराची जबाबदारी एवढ्या गांभीर्याने घेणारा माणूस बघून बरं वाटलं.

भाचीने एवढंच विचारलं, "मग मी दुर्बीण घेऊ का?" तो म्हणाला, तुझ्या खेळात दुर्बीण चालतच नाही.

नगरनंतर सुपं, शिरूर, रांजणगाव. गाडीत विषय निघाला तो स्वप्नील कुसाळेचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला, ऑलिंपिकला गेला तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण मिळवून त्याने कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या 1952च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक ते हेच. भाचीला त्याचे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने केलेले गुण वेगवेगळे पाठ आहेत. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला झोपून नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवलं होतं, तेव्हा भाचीचा जन्मही झाला नव्हता. तेजस्विनीचं नाव मात्र भाचीच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. वाघोलीच्या कोंडीत अडकलो तरी ती कंटाळली नाही.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. मॅडमच्या ओळखीच्या एक प्रशिक्षक तिथे भेटल्या. त्यांच्यामार्फत दोन रायफली बघायच्या होत्या, एक नवी आणि एक वापरलेली. दोन्ही जर्मन बनावटीच्या. नवीची किंमत ऐकून दाजी गप्प झाले. ते त्यांचे कित्येक महिन्यांचे पगार होते.

बाईंनी रायफलीला हातच लावला नाही. आधी भाचीला दोन्ही तळहात जोडून मध्ये छोटी फट ठेवायला लावली आणि त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग एकेक डोळा झाकायचा. उजवा डोळा झाकला आणि घड्याळ नाहीसं झालं, म्हणजे उजवा डोळा मुख्य. उजव्या हाताच्या माणसाचाही डावा डोळा मुख्य निघू शकतो, आणि ते वेळेवर कळलं नाही तर घेतलेली उजवी रायफल वर्षानुवर्षं अडचण होऊन बसते. भाचीचा हात आणि डोळा जुळत होते.

मग वजन. नियमाने एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. नवी रायफल जड होती आणि तिचा दस्ता भाचीसाठी सर्वांत आखूड केला तरी लांबच पडत होता. तिची मान पुढे ताणली जायची. वापरलेली रायफल चार किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमच्या दस्त्याची, आणि तिचा मागचा भाग पार आत घेता येत होता. "वजन पुढे वाढवता येतं, पट्ट्या लावून," बाई म्हणाल्या. "कमी मात्र करता येत नाही. साठ गोळ्या, सव्वा तास. पंचेचाळिसाव्या गोळीला पाठ काय म्हणते ते बघायचं."

त्यांनी भाचीला उभं केलं. डावं कोपर कमरेच्या हाडावर, गाल पट्टीवर नुसता टेकवलेला, दाबलेला नाही. डोळे मीट. दोन श्वास. उघड. रायफल ठिपक्याच्या डावीकडे सरकलेली होती. भाची हाताने ती ओढायला गेली, तसं बाईंनी तिचं मनगट धरलं. हात हलवायचा नाही, मागचं पाऊल हलवायचं. टाच बोटभर सरकली. पुन्हा डोळे मीट, पुन्हा उघड. चौथ्या-पाचव्या वेळेला काळा गोल आपोआप पुढच्या कड्यात येऊन बसला, आणि भाचीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. स्नायूंनी धरलेली रायफल थकते. हाडांवर ठेवलेली टिकते.

दुर्बिणीच्या जागी असते ती डायॉप्टर. मागे बारीक छिद्राची चकती, पुढे नळीत एक कडं. छिद्रातून कडं, कड्यात लक्ष्याचा काळा गोल, आणि सगळे एकमेकांच्या मधोमध. भिंग नाही, काहीही मोठं होत नाही. ठिपका तर दिसतच नाही. नेम धरायचा तो काळ्या गोलाभोवतीच्या पांढऱ्या कडेवर, ती सगळीकडून सारखी जाड असेल तर मध्य साधला. मला हे विलक्षण सुंदर वाटतं. दाजींनी डोळा लावला आणि लगेच म्हणाले, "हे तर आपलं काँसेंट्रिसिटीचं चेकिंग आहे." त्यांच्या विभागात रोज हेच चालतं, दोन वर्तुळांचा मध्य एक आहे का ते बघणं. त्या दिवसात पहिल्यांदाच दाजी या खेळात शिरले.

मग ते थांबेनात. वापरलेल्या रायफलीखालचं हवेचं नळकांडं त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यावर कोरलेली तारीख वाचली. या नळकांड्यांत 200 बारचा दाब भरतात. बनवणाऱ्यांनी त्यांना दहा वर्षांची मुदत दिलेली असते, आणि मुदत उलटलेलं नळकांडं स्पर्धेत चालत नाही. याची मुदत जवळ आली होती. रायफल विकणारा मुलगा आता 50 मीटरकडे, .22 कडे वळलाय; त्या रायफलीला शस्त्रपरवाना लागतो, म्हणून त्याची धावपळ चालली होती. भाचीची रायफल 4.5 मिलिमीटर व्यासाची, शक्ती साडेसात ज्यूलच्या आसपास. 20 ज्यूलपर्यंतच्या या वर्गाला परवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. डेन्व्हरच्या .30-06ची गोळी नळीतून सुटते ती चार हजार ज्यूलच्या जवळपास शक्ती घेऊन.

नव्या नळकांड्याचे पैसे किमतीतून वजा करून घ्यायचं ठरलं. मुलाच्या वडिलांनी खळखळ केली नाही. दुकानातल्या नव्या रायफलीच्या निम्म्याहून कमी पैशात सौदा झाला, आणि उरलेल्यातून जाकीट शिवून घ्यायचं. ते जाड कापडाचं जाकीट पाठीला आधार देतं, पण त्याच्या जाडीला आणि ताठपणाला नियम आहेत, स्पर्धेआधी यंत्रावर मोजतात. वाढत्या वयाच्या मुलीला ते किती मोकळं शिवायचं, यावर बाई आणि भाची बराच वेळ बोलत बसल्या.

निघता निघता दाजींनी गोळ्यांचे डबे हातात घेतले. एकावर 4.49 लिहिलेलं, दुसऱ्यावर 4.50, तिसऱ्यावर 4.51. गोळीच्या तोंडाचा व्यास. दहा-दहा मायक्रॉनचा फरक. "कुठला बसतो हे कसं कळणार?" त्यांनी विचारलं. प्रत्येक नळीचं वेगळं असतं, बाई म्हणाल्या. रायफल शिकंज्यात घट्ट बांधायची, एका डब्यातल्या दहा गोळ्या एकाच कागदावर झाडायच्या, मग दुसऱ्या डब्यातल्या दुसऱ्या कागदावर. ज्या गोळ्यांचं भोक सर्वांत लहान पडेल त्याच मापाच्या पुढे घ्यायच्या. दाजींनी तिन्ही मापांचा एकेक डबा घेतला. भोकं मोजायला कंपनीतला डिजिटल व्हर्नियर साहेबांना विचारून शनिवारी रेंजवर आणतो, असं त्यांनी मुलीला तिथेच सांगितलं.