स्वच्छ नदीचा चित्रपट

सिंगापूरमध्ये नदीसाठी चित्रपट महोत्सव भरवावा असं म्हटलं की पहिली शंका येते ती गरजेचीच. १९७७ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांगचं खोरं दहा वर्षांत स्वच्छ करायला प्रशासनाला सांगितलं आणि १९८७ पर्यंत ते झालंही. कलांगच्या खोऱ्यातले ६१० वराहपालन केंद्रं बंद झाली, सुमारे २६,००० कुटुंबं सरकारी घरांत हलवली गेली, मालवाहू पडाव १९८३ मध्ये पासिर पांजांगला गेले. मग आता दाखवायचं काय? माझ्या मते, या स्वच्छतेमुळे जे दिसेनासं झालं आहे, तेच. इथे पावसाचं पाणी सांडपाण्यापासून वेगळ्या गटारांनी वाहतं. बेटाचा दोन तृतीयांश भाग पाणलोट क्षेत्र आहे, आणि २००८ मध्ये मरीना बंधारा झाल्यानंतर नदीच्या मुखाशी पिण्याच्या पाण्याचा जलाशय तयार झाला आहे. इमारतीखालच्या उघड्या गटारात पडलेलं थर्माकोलचं खोकं एका सरीत त्या जलाशयाच्या वाटेला लागतं. पण ते इतक्या तत्परतेने उचललं जातं की गटार आणि नळ यांचं नातं कुणाच्या ध्यानीमनीही राहत नाही. ते नातं सलग, डोळ्यांना दिसेल असं मांडणं कॅमेऱ्याला जमतं, सूचनाफलकाला नाही.

‘येणारे प्रेक्षक आधीच पटलेले असतात, बघतात, हळहळतात आणि जेवायला जातात’, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. वातानुकूलित सभागृहातल्या महोत्सवाबद्दल तो बहुतांशी खराही आहे. पण कॅलिफोर्नियातल्या साउथ युबा नदीचं उदाहरण पाहा. तिथल्या नागरिकांनी १९८३ मध्ये संघटना उभारली, १९९९ मध्ये नदीच्या ३९ मैलांना राज्याच्या कायद्याचं संरक्षण मिळवलं आणि त्यानंतर, २००३ मध्ये, चित्रपट महोत्सव सुरू केला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी काठावरचं काम, मग पडदा. म्हणजे हळहळलेल्या माणसाला जायला जागा असते. सिंगापूरमध्ये ती जागा आहे. वॉटरवेज वॉच सोसायटीचे स्वयंसेवक १९९८ पासून होड्यांतून, सायकलींवरून कचरा वेचतात. अशांच्या हातात हात घालून, वसाहतीतल्या इमारतींखालच्या मोकळ्या तळमजल्यांवर, फुकट खेळ लावावेत. तिथे भाजी घेऊन परतणारी, अजून न पटलेली माणसंही थबकतील.

सिंगापूरमधल्या मराठी मंडळींनी यात पुढे व्हावं असं मला मनापासून वाटतं. पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवामुळे पर्यावरणपट पाहण्याची सवय मुरली आहे, आणि मुळा-मुठेची अवस्था कुणाला सांगायला नको. मात्र ‘सिंगापूरला जमलं, पुण्याला का नाही’ एवढंच सांगणारा चित्रपट अपुरा ठरेल. हजारो कुटुंबं हलवू शकणारी, त्यांना घरं देऊ शकणारी सत्ता या यशामागे होती. ज्यांचा काठ सुटला, त्यांची बाजूही त्याच पडद्यावर यायला हवी.