शिराझच्या सहा बाटल्या

कॅनबेराहून उत्तरेस अर्ध्या तासाच्या अंतरावर मरम्बेटमन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९७१ साली सीएसआयआरओमधील जॉन कर्क या जैवरसायनशास्त्रज्ञाने तेथे द्राक्षवेली लावल्या. त्याच सुमारास आणखी काही वैज्ञानिकांनीही आसपास तोच उद्योग आरंभला. रात्री थंड असणाऱ्या या उंचावरच्या प्रदेशात शिराझ सावकाश पिकते. तिची वाइन बरोसा खोऱ्यातील शिराझसारखी दाट आणि दणकट होत नाही. तिचा बांधा मध्यम असतो. संशोधनानिमित्त मी कॅनबेरात होतो तेव्हा, २०१३ साली, माझी एक सहकारी आणि मी मिळून २०११ च्या हंगामातील सहा बाटल्या विकत घेतल्या. आग्नेय ऑस्ट्रेलियात ते वर्ष थंड आणि अतिपावसाचे गेले होते. काही वर्षांच्या अंतराने एकेक बाटली उघडायची आणि नोंदी ठेवायच्या, असे ठरले.

पहिल्याच संध्याकाळी एक उघडली. रंग जांभळा, रास्पबेरीचा गंध, हिरड्यांना धरणारे टॅनिन. सहकारी म्हणाली, काळी मिरी. दुकानदारानेही तेच सांगितले होते. मी वहीत लिहिले : ‘मिरी, स्पष्ट.’

यथावकाश परतलो तेव्हा एक बाटली पुण्याला आणली आणि कपड्यांच्या कपाटात ठेवली. बाकीच्या चार सहकाऱ्याच्या घराच्या जमिनीखालच्या पोकळीत राहिल्या. तेथील तापमान वर्षभर १२ ते १८ अंशांच्या दरम्यान असे. पुण्यातील कपाटाने दोन उन्हाळे सोसले. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो. कपाटाबाबत मात्र तो आठवला नाही. २०१६ मध्ये बाटली उघडली. रंग तपकिरीकडे झुकलेला, वास शिजवलेल्या मुरंब्याचा, चव सपाट. नोंद केली : ‘मिरी ओसरली.’

या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

त्याचे कारण पुढे कळले. शिराझमधील मिरीच्या गंधामागील रेणू ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी शोधला आणि २००८ साली तो प्रसिद्ध केला. त्याचे नाव रोटंडोन. काळ्या मिरीच्या वासातील तो सर्वांत प्रभावी घटक, हेही तेव्हाच उमगले. लाल वाइनमध्ये लिटरमागे १६ नॅनोग्रॅम एवढा रोटंडोन नाकाला पुरतो. म्हणजे २५ लाख लिटरच्या तलावात ४० मिलिग्रॅम. मात्र त्या चाचणीतील सुमारे २० टक्के परीक्षकांना लिटरमागे ४००० नॅनोग्रॅम घातले तरी, अगदी साध्या पाण्यातही, काहीच जाणवले नाही.

या रेणूचे नाव आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ते सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून आले आहे, म्हणजे आपल्या नागरमोथ्यावरून. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांचे सहकारी नागरमोथ्याच्या तेलाचा अभ्यास करीत होते; त्यांच्या १९६७ च्या शोधनिबंधात हा रेणू आहे. पुढे चार दशके तो रसायनशास्त्राच्या एका कोपऱ्यात पडून राहिला. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा आणि मरम्बेटमनची शिराझ यांना जोडणारा धागा असा पुण्यातूनच जातो, याचा मला अवाजवी आनंद होतो.

२०१७ साली पुन्हा कॅनबेराला जाणे झाले. सहकारीने ओळखीच्या रसायनज्ञाकडून रोटंडोनचे विरल द्रावण मिळवले होते. तीन पेले : दोघांत निव्वळ पाणी, एकात द्रावण, वेगळा पेला ओळखायचा. अशा बारा फेऱ्या झाल्या. तिने अकरा बरोबर ओळखले. मी चार. निव्वळ अंदाजाने बारांपैकी चारच येणे अपेक्षित असते.

कोकणातल्या आमच्या घरामागे पोफळींवर मिरीचे वेल चढलेले आहेत. मिरी मला झोंबते, कारण तिखटपणा पायपरीनचा. इतर टर्पीनांमुळे तिला वासही येतो. पण इतर लोक ज्याला मिरीचा वास म्हणतात, त्यातला गाभा मला कधीच लाभलेला नाही, हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. त्याचे दुःख फारसे झाले नाही. दुःख वहीचे झाले. न आलेला वास मी ‘स्पष्ट’ म्हणून नोंदवला होता आणि पुढे तो उष्णतेने ओसरल्याचेही नोंदवले होते. हाच प्रकार एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर उभे केले असते.

त्याच रात्री उघडलेली बाटली मला मिटलेली वाटली : फळ मागे गेलेले, बाकीचे अजून यायचे. २०२३ मधली मात्र अप्रतिम होती. कडेला विटकरी छटा आली होती. अँथोसायनिन टॅनिनांशी बांधले जाऊन अधिक टिकाऊ रंगद्रव्ये तयार होतात, त्याची ही खूण. ओली माती, चामडे, सुकलेले आलुबुखार. आणि टॅनिन रेशमी. टॅनिनांचे रेणू वाढत जाऊन गाळात बसतात म्हणून वाइन मऊ होते, हे पुस्तकी स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. आम्लात ते तुटतातही. टोपण फिरकीचे असल्याने बुचाच्या कुबट वासाचे भय नव्हते.

वहीत आता दोन रकाने आहेत. २०२३ च्या पानावर तिच्या रकान्यात ‘मिरी, अजून आहे’ असे आहे आणि माझ्यात एक आडवी रेघ. जुन्या दोन पानांवरचा तो शब्द मी खोडला, पण वाचता येईल असा खोडला. दोन बाटल्या अजून तिच्या घराखाली आहेत.