चिंचपोकळीचा नाताळ

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की आमच्या चर्चच्या पडवीत मुलांची वर्दळ सुरू होते. कोणी ओढ्याकाठची माती आणतो, कोणी गवताची पेंढी, कोणी घरातली जुनी गोणपाटे. गव्हाणी उभारता उभारता एखादा मुलगा हटकून विचारतो, ‘फादर, तुमच्या लहानपणी नाताळ कसा असायचा?’ मग मी त्यांना आमच्या खेड्यातल्या नाताळविषयी सांगतो. ढोलकी आणि टाळांच्या साथीने रात्रभर चालणारी भजने, कंदिलाच्या उजेडात कुडकुडत ऐकलेली मध्यरात्रीची मिस्सा, आईच्या हातच्या करंज्या. एक नाताळ मात्र मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. तो मी बारा वर्षांचा असताना मुंबईत साजरा केला. आज पंचावन्नाव्या वर्षी तो सांगून टाकावा, असे मनाने घेतले आहे.

आमचे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. त्या यात्रेला परगावी पोटापाण्यासाठी गेलेली आमची माणसे आवर्जून येत. १९८१ च्या यात्रेला माझे थोरले चुलते मुंबईहून आले होते. आम्ही सारी मुले त्यांना तात्या म्हणत असू. ते मुंबईच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात कामाला होते. पांढराशुभ्र लेंगा, इस्त्रीचा सदरा आणि खिशाला पेन अशा थाटात ते गावात उतरले की आम्हां मुलांना राजा आल्यासारखे वाटे. चार साचे एकटा माणूस कसा सांभाळतो, गिरणीचा भोंगा झाला की सारी वस्ती कशी जागी होते, हे ते रंगवून सांगत. त्या वर्षी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून ते वडिलांना म्हणाले, ‘पुढच्या नाताळाला ह्याला मुंबईला घेऊन ये. समुद्र दाखवू, क्रॉफर्ड मार्केट दाखवू. पोराला कळू दे मुंबई काय असते.’

त्या दिवसापासून मी पुढच्या नाताळाचे दिवस मोजू लागलो.

मध्यंतरी १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार कामावरून उतरले. आमच्या घरी तो संप दोन खुणांनी कळला. आजीच्या नावे दरमहा येणारी तात्यांची मनीऑर्डर थांबली, आणि त्यांची पत्रे आखूड होत गेली. ‘आम्ही सर्व खुशाल आहोत. काळजी नसावी,’ एवढेच शेवटच्या पत्रात होते. डिसेंबर उजाडला तेव्हा वडील आईला म्हणाले, ‘मी पोराला घेऊन तात्याकडं जाऊन येतो.’ माझा आनंद गगनात मावेना. तात्यांनी दिलेला शब्द वडील पाळत आहेत, अशी माझी समजूत. आईने अर्धे पोते बाजरी, भुईमुगाच्या शेंगा आणि गुळाची ढेप बांधून दिली. मुंबई पाहायला जाताना इतके ओझे कशाला, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

२२ तारखेला आम्ही श्रीरामपूरच्या स्टेशनवर गाडी धरली, मनमाडला गाडी बदलली आणि रात्रभर पोत्यावर बसून प्रवास केला. कसारा घाटातले बोगदे मी डोळे ताणून मोजत होतो. मोजता मोजताच झोप लागली. दादरला वडिलांनी मला हलवून उठवले. तिथून लोकलने चिंचपोकळी. पोते खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून वडिलांनी ते मांडीशी कवटाळून धरले होते. लोक त्यांच्यावर खेकसत होते आणि वडील ज्याला त्याला ‘जरा सांभाळून घ्या, मामा’ असे विनवीत होते. गावात ज्यांचा शब्द कोणी मोडत नसे, ते माझे वडील मुंबईत इतके लहान कसे झाले, याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडी लाजही वाटली. ती लाज ही त्या चार दिवसांतील पुढच्या गोष्टीची नांदी होती.

स्टेशनाबाहेर आलो. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेल्या गिरण्यांच्या चिमण्या प्रत्यक्ष समोर उभ्या होत्या. त्यांपैकी एकीतूनही धूर निघत नव्हता. ‘भोंगा किती वाजता होतो?’ मी वडिलांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही.

तात्यांची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. दहा बाय बाराची एकच खोली. कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. काकूने दार उघडले आणि वडिलांच्या खांद्यावरचे पोते पाहून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पदर सारखा करीत म्हणाली, ‘भावजी, एवढं कशाला आणलंत? इथं सगळं मिळतं.’ चहा करण्यापूर्वी ती वाटी घेऊन शेजारी गेली आणि साखर घेऊन आली. तिच्या मंगळसूत्रातल्या सोन्याच्या वाट्या आणि सोन्याचा क्रूस दोन्ही नव्हते. काळ्या पोतीत लाकडी क्रूस ओवलेला होता. हे माझ्या डोळ्यांनी पाहिले, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. वडिलांना लागला असावा. त्यांनी चहा अर्धाच घेतला आणि उरलेला माझ्या लहान चुलत बहिणीपुढे सरकवला.

तात्या रात्री उशिरा आले. बरेच वाळले होते, पण हसणे तसेच होते. मला जवळ ओढून म्हणाले, ‘आलास का? नाताळाच्या दिवशी समुद्रावर जायचं. उद्या मात्र मला काम आहे.’ ‘कसलं काम?’ वडिलांनी विचारले. ‘एका ओळखीच्या दुकानात हिशेब लिहितो सध्या. संप मिटेपर्यंत,’ तात्या म्हणाले. मला ते ऐकून बरे वाटले. त्यांच्या खिशातले पेन माझ्या डोळ्यांपुढे आले.

दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, वडील मला घेऊन व्ही.टी.ला उतरले. तिथून पायी क्रॉफर्ड मार्केट. महात्मा फुले मंडई असे तिचे नाव झाले होते. तात्यांच्या तोंडी मात्र जुनेच नाव होते. १८६९ साली बांधून झालेल्या त्या दगडी वास्तूच्या प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांची शिल्पे कोरलेली आहेत. वडील मान वर करून ती बराच वेळ पाहत राहिले. माझे लक्ष मात्र खाली होते. चांदीच्या रंगाच्या झिरमिळ्या, काचेचे गोळे, कागदी तारे, कापसाच्या दाढीचे नाताळबाबा, केकचा वास! इतका नाताळ एका ठिकाणी असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. वडील एका फेरीवाल्यापाशी थांबून ताऱ्याची किंमत करू लागले आणि मी गर्दीकडे पाहत उभा राहिलो.

तेवढ्यात समोरून एक कुटुंब आले. बाईंच्या हातात पर्स, मुलांच्या अंगावर नवे कपडे. त्यांच्या मागे डोक्यावर भली मोठी पाटी घेतलेला हमाल चालत होता. पाटीत केकचे खोके होते, फळे होती आणि सर्वांत वर कागदात गुंडाळलेला गव्हाणीचा संच होता. त्यातून एका मेंढपाळाचे डोके बाहेर डोकावत होते. हमालाची मान ओझ्याने ताठली होती. तो जवळ आला आणि मी पाहिले, ते तात्या होते.

त्यांनीही मला पाहिले. आमची नजरानजर झाली. मी ‘तात्या’ म्हणून हाक मारू शकलो असतो. पण त्या बाईंची मुले माझ्याच वयाची होती आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी मान फिरवली आणि वडिलांच्या मागे जाऊन त्यांच्या सदऱ्याची घडी धरली. पाटी निघून गेली. वडील पाठमोरेच होते. ताऱ्याचा सौदा त्यांनी आणखी बराच वेळ चालवला आणि अखेर एक छोटा तारा घेतला.

त्या रात्री आम्ही सारे भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेला गेलो. १९१३ साली उभ्या राहिलेल्या त्या भव्य मंदिराचे उंच छत पाहून मी दबून गेलो. मिस्सा इंग्रजीत होती. मला त्यातले ‘आमेन’ आणि ‘आलेलुया’ एवढेच समजले. तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले होते. जागा नसल्याने आम्ही मागे उभे राहिलो. तात्या माझ्या शेजारी येऊन उभे राहू लागले, तसा मी एक पाऊल सरकून वडिलांच्या पलीकडे गेलो. दिवसा भेटलेली ती मुले कुठे बसली असतील, या धास्तीने मी मिस्साभर माना वळवीत होतो. तात्यांनी ते पाहिले की नाही, मला माहीत नाही. शांततेची शुभेच्छा देताना त्यांनी वडिलांच्या पुढून हात लांबवून माझा हात हातात घेतला. त्यांच्या तळहाताला नवे घट्टे पडले होते.

नाताळाच्या दिवशी काकूने आमच्याच बाजरीच्या भाकरी थापल्या. शेजारच्या कोकणातल्या कुटुंबाने ओल्या नारळाच्या करंज्या पाठवल्या. त्या घरचा कर्ता पुरुषही संपातच होता. वडिलांनी आणलेला तारा तात्यांनी दाराबाहेर टांगला आणि खालच्या मजल्यावरची मुले तो पाहायला जिना चढून आली. संध्याकाळी तात्यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे आम्ही पायी गिरगाव चौपाटी गाठली. ‘समुद्राला तिकीट नाही बघ,’ ते म्हणाले. मी समुद्र पाहिला. पण तो पाहताना व्हायला हवा होता तेवढा आनंद मला झाला नाही.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही; तो नुसता विरत गेला. तात्यांना गिरणीने परत घेतले नाही. दोन वर्षांनी ते काकूमुलांसह गावी आले आणि दुसऱ्यांच्या शेतावर राबू लागले. मी पुढे गुरुविद्यालयात गेलो, पुण्याच्या रामवाडीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो आणि १९९८ साली माझी गुरुदीक्षा झाली. गावातल्या माझ्या पहिल्या मिस्सेनंतर लोक आशीर्वाद घेण्यासाठी रांगेने येत होते. तात्या शेवटी आले. माझे नवे अभिषिक्त हात त्यांनी कपाळाला लावले आणि हळूच म्हणाले, ‘फादर, एक सांगायचं राहिलंय. त्या वर्षी मार्केटात तुम्ही मला हाक मारली नाही. बारा वर्षांचं पोर, पण केवढी समज! हाक मारली असती तर माझ्या भावाला कळलं असतं, अन् मी त्याला तोंड दाखवू शकलो नसतो. तुमचे ते उपकार मी विसरलो नाही.’

रांग संपली होती, मंडपात जेवणाची पाने मांडली जात होती आणि तात्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, ‘तात्या, तसं काही नाही.’ त्यांना तो माझा विनय वाटला. खरे काय ते मी सांगितले नाही. पुढे सांगेन, असे म्हणत राहिलो. २००६ साली त्यांची अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली.

वाचकहो, पवित्र आठवड्यात पेत्राने प्रभूला नाकारल्याचे शास्त्रपाठ वाचताना इतरांच्या मनात कोंबडे आरवते. माझ्या डोळ्यांपुढे एक पाटी येते. प्रायश्चित्त संस्कारात मी या पापाची कबुली केव्हाच दिली आहे आणि क्षमाही मिळाली आहे. तरीही, ज्या कृत्याबद्दल मला लाज वाटायला हवी त्याच कृत्याबद्दल एका भल्या माणसाने माझे आभार मानले, हे मी कोणत्या खात्यात जमा करू? गुरुविद्यालयात कृपेवर आम्हांला पुष्कळ शिकवले गेले. आपली कमाई नसताना जे मिळते ती कृपा, ही व्याख्या मी परीक्षेत लिहिली. तिचा अर्थ मला तात्यांनी त्या दिवशी मंडपाच्या कडेला शिकवला.

आता आणखी एक विचार मनात येतो. वडील त्या फेरीवाल्याशी इतका वेळ घासाघीस का करीत राहिले? एरवी ते घासाघीस करणारे नव्हते. वडीलही आज नाहीत. विचारायचे राहून गेले. कदाचित त्यांनीही तात्यांना पाहिले असेल आणि भावाची लाज राखण्यासाठी पाठ फिरवून धरली असेल. तसे असेल तर त्या गर्दीत आम्हां बापलेकांनी एकच गोष्ट केली. त्यांनी ती मायेपोटी केली आणि मी लाजेपोटी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत तिळाएवढाही फरक दिसला नसता.

१२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी पहिली गव्हाणी मांडली, ती प्रभूचे दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणून. मी मात्र गव्हाणीच डोक्यावर वाहून नेणाऱ्या माझ्या माणसाला ओळख दिली नाही. यंदा आमच्या गव्हाणीत मुलांनी मेंढपाळांच्या रांगेत एक जागा मोकळी ठेवली होती. तिथे कोणाला ठेवावे, असे त्यांनी मला विचारले. मी बाजारातून मातीचा एक हमाल आणला, डोक्यावर पाटी असलेला. ‘फादर, हा बेथलेहेमात कुठून आला?’ एका मुलाने विचारले.

‘मुंबईहून,’ मी म्हणालो. आणि मग ही सारी गोष्ट त्यांना सांगितली.