सातबाऱ्यावरचा बोजा

बारावीचा निकाल लागला की, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात नव्वदीच्या पुढे गेलेल्यांचे अभिनंदन होते आणि नापास झालेल्यांचे सांत्वन. मधल्यांना कोणी काही विचारीत नाही. सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांना अभिनंदनही नाही आणि सांत्वनही नाही. आम्ही उभयता त्या मधल्या घोळक्यात दोनदा उभे राहिलो. पहिल्या वेळी चुकलो. दुसऱ्या वेळी काय केले, ते आपल्या कुटुंबांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

पहिली वेळ २०१४ सालची. थोरल्याला अडुसष्ट टक्के मिळाले होते. शासकीय महाविद्यालये पहिल्या नंबरवाल्यांसाठी असतात, अशी आमची पक्की समजूत. कोणाला न विचारता आम्ही दीड एकर धानाची जमीन बँकेकडे तारण ठेवली आणि दूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून त्याचा प्रवेश घेतला. महाराष्ट्र एक्सप्रेसने तो गेला, तेव्हा फलाटावर आमची मान ताठ होती. दोन वर्षांनी विषय राहत गेले आणि तो परत आला. आज तो गोंदियातील एका राइस मिलमध्ये मोटारी दुरुस्त करतो आणि उत्तम करतो. एकदा जेवताना तो शांतपणे म्हणाला, "बाबा, हेच शिकायला मला दहावीनंतर तंत्रनिकेतनात घातलं असतं तर?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. शासकीय तंत्रनिकेतन गोंदियातच होते. तीन वर्षांची पदविका आणि गुण चांगले पडले तर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट त्याच्या दाराशी होती. सातबाऱ्यावर चढलेला बँकेचा बोजा मात्र २०२३ साली उतरला.

दुसऱ्याच वर्षी धाकटी बारावी झाली. गुण शहात्तर टक्के. त्या वर्षी आमच्या कुडव्यात एकच विषय होता. २०१६ साली सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन फेब्रुवारी २०२४ मध्ये इथेच झाले होते. जो तो म्हणे, "मुलीला डॉक्टर करा, घराशेजारी शिकेल." इमारत शेजारी आली म्हणून नीटचे गुण वाढत नाहीत, हे समजायला आम्हाला थोरल्याचे उदाहरण पुरेसे होते.

या वेळी आम्ही एक जुनी वही काढली आणि प्रत्येक महाविद्यालयापुढे चार प्रश्न लिहिले. प्रवेश खरोखर मिळेल काय? शुल्क, खोली, खानावळ आणि प्रवास धरून सर्व वर्षांचा खर्च किती? अडखळली तर परतीची वाट आहे काय? आणि तिला ते आवडते काय? चौथा प्रश्न थोरल्याच्या वेळी आम्ही विचारलाच नव्हता.

घराजवळ धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय होते. अनुदानित असल्याने शुल्क आवाक्यातले, राहण्याचा खर्च शून्य. पदवीनंतर एम.एस्सी., बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा, अशा वाटा मोकळ्या. नागपूरला शासकीय विज्ञान संस्था होती. तिथे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा मोठ्या, पण खोलीचे भाडे वर्षाच्या शुल्कावर कडी करणारे. अभियांत्रिकीसाठी अमरावतीचे १९६४ सालचे, चंद्रपूरचे १९९६ सालचे आणि नागपूरचे २०१६ सालचे, अशी तीन शासकीय महाविद्यालये वहीत लिहिली. तेव्हा एक गोष्ट कळली. एकाच महाविद्यालयात संगणक शाखेची यादी जिथे थांबते, त्याच्या बऱ्याच खाली स्थापत्य किंवा यंत्र शाखेची यादी जाते. महाविद्यालयाचे नाव ऐकून माघार घेणारे पालक ही दुसरी यादी पाहतच नाहीत.

कागदांचेही तसेच. आपण सीमेवर राहतो. काही कुटुंबे अकरावी-बारावीसाठी मुलांना बालाघाट किंवा डोंगरगडला ठेवतात. पण महाराष्ट्राच्या जागांसाठी सामान्यतः अधिवासाबरोबर इथली बारावीही लागते. वैद्यकीयला तर दहावीसुद्धा. शिवाय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ती नाही.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर धाकटीनेच दिले. लहानपणापासून ती रोवणीला आमच्याबरोबर बांधीत उतरते. कोणत्या वाणाला तुडतुडे आधी लागतात, ते तिला ठाऊक. ती म्हणाली, "मला कृषी शिकायचंय." आम्ही जरा गप्प झालो. शेतीतून सुटावे म्हणूनच तर मुलांना शिकवायचे, असे आम्ही मानत आलो होतो. पण वहीत उत्तर लिहिले.

कृषीच्या प्रवेशासाठी शेतकरी कुटुंबातील मुलांना सातबाऱ्याच्या आधारे गुणवत्तेत अधिक भार मिळतो. तलाठ्याकडून नवा उतारा आणला. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचे नाव नव्हते. ज्या जमिनीवर कर्ज काढून आम्ही एका लेकराला त्याच्या वाटेवरून हटवले, तीच जमीन दुसरीच्या गुणांत भर घालीत होती.

नागपूरचे कृषी महाविद्यालय थोडक्यात हुकले. मिळाले ते गडचिरोलीजवळच्या सोनापूरचे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचेच. चर्चच्या आवारात एकांनी विचारले, "गडचिरोली? एवढ्या लांब, मुलीला?" आम्ही म्हणालो, "धानाचाच मुलूख आहे तो."

शुभवर्तमानातील दृष्टान्तात धनी एका दासाला पाच भाग देतो, दुसऱ्याला दोन. दोघेही ते दुप्पट करतात, आणि दोघांच्या वाट्याला शाबासकी मात्र अगदी एकसारखी येते. हा उतारा आम्ही वर्षानुवर्षे ऐकत होतो. दोन भागवाल्याकडे आमचे लक्ष कधी गेलेच नव्हते.

प्रवेशाच्या दिवशी थोरला तिला घेऊन निघाला. गोंदियाहून गाडीने वडसा आणि पुढे बस. ट्रंक खांद्यावर घेताना त्याने विचारले, "वही घेतलीस का?" तिने पिशवी उघडून दाखवली. मागची निम्मी पाने अजून कोरी होती.